दोघं शेजारी शेजारी सापडली

सिडर लँडिंग
३ सप्टेंबर

नेल्डा,

कढई परत कर. ऑर्विलची, बिडाची, तीन पायांची. माझा नवरा मेल्यावरसुद्धा तुला भाऊ म्हणून कमी पडला का गं, की त्याच्याच कढईत बोय मासे तळून त्याच्याच पोरीला तुरुंगात धाडायची पंगत घातलीस? अग्निशमनवाल्या पोरांनी शेडमधून उचलून नेली, दरवर्षी नेतात तशीच. विचारलं नाही. विचारायची पद्धत कधी नव्हतीच, ते मला मान्य. पण दरवर्षी त्या वर्गणीच्या पंगतीत मीही मक्याचे वडे तळायला उभी असते. या वर्षी मी माझ्या पडवीत बसले आणि तळणीचा वास पुलापलीकडून माझ्या नाकात आला. वर भिंतीएवढं कापड टांगलेलं, 'गार्लंडला न्याय हवा'. न्याय कुणाकडून हवा? माझ्या टॅन्सीकडून? जी त्याच्याच बरोबरीने चालायला शिकली तिच्याकडून?

फोन तू उचलत नाहीस. मुलाच्या, गार्लंडच्या डोळ्यासाठी थोरल्या लेकीकडे अलाबामात जाऊन राहिली आहेस, हेही मला पोस्टातल्या बाईकडून कळावं. मग लिहिते. सातवीत शाळा सोडून तुझ्याच शेजारी कालवं फोडायला उभी राहिले मी, तेव्हा अक्षराला हसायचं तर हस.

काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू एकदाही ऐकलेलं नाहीस. जुलैतली ती दुपार. मी कामावरून आले तर टॅन्सी स्वयंपाकघरात फरशीवर. ओठ निळे. टेबलावर ते फेंटानिलचं, नशेच्या पावडरीचं कागदाचं पुडकं. मी गार्लंडला फोन लावला. आपल्या बाजूला कुणी आधी सरकारी नंबर फिरवतं का? तालुक्याची गाडी येईस्तोवर माणूस थंड होतो. आपण आपल्या पोरांना फोन करतो, पोरं धावत येतात. तुझा पोरगा तर तीन घरं सोडून, अग्निशमनदलातलाच. पायात चप्पल नव्हती त्याच्या. मी रस्त्यावर पळाले, मागून त्याने बोलावलेली गाडी येईल तिने वळण चुकवू नये म्हणून हात हलवत उभी राहिले. शेरीफचा माणूस आत गेला तेव्हा दोघं शेजारी शेजारी जमिनीवर पडलेली. त्याने दोघांच्या नाकात तो नशा उतरवणारा फवारा मारला. दोघं उठली. आणि संध्याकाळी माझ्या लेकीला बेड्या.

म्हणे नवा कायदा आहे. मदतीला आलेल्या माणसाला तुमच्या नशेच्या औषधाने इजा झाली तर पंधरा वर्षांपर्यंत आत. टॅन्सीने त्याच्यावर काही फेकलं का? ती तर श्वास घेत नव्हती गं.

कढई आणि उत्तर, दोन्ही पाठव.

व्हर्डी


डोथन, अलाबामा
११ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. कढई पोरांनी नेली, मला माहीतही नव्हतं. पोराच्या बापाला, डॉयलला सांगते, घासून आणून देईल.

तू लिहिलंस त्यात माझ्या मुलाला काय झालं याचं एक वाक्य नाही. म्हणून मी लिहिते. पडताना त्याचं डोकं तुझ्या शेगडीच्या कोपऱ्यावर आपटलं. कपाळापासून भुवईपर्यंत टाके आहेत. डाव्या डोळ्याने त्याला सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसतं. होडीवर उभा राहिला की तोल जातो. पंचवीस वर्षांचा मुलगा कॉफीचा कप धरताना आधी टेबल चाचपतो. हे मी रोज सकाळी बघते.

फवारा मारला नसता तर तो मेला असता, असं शेरीफच्या माणसाने मला स्वतः सांगितलं. रक्तात काही सापडलं नाही म्हणून तुमचा वकील उड्या मारतो आहे असं ऐकलं. इथले लोक म्हणतात, इतकं थोडं असतं की तपासात येत नाही, पण माणूस पाडायला पुरतं.

मी टॅन्सीचं वाईट कधी चिंतलं नाही. खाडी बंद झाली, कालवं गेली, ती पाहुण्यांची घरं पुसायला लागली, पाठ गेली, गोळ्या आल्या. सगळं मी पाहिलं. पण विष तिने घरात आणलं, वहिनी. माझा मुलगा तुझ्या हाकेला अनवाणी धावला. दुसऱ्या कुणाच्या पोरीसाठी निदान हातमोजे तरी घालून गेला असता.

आता लिहू नकोस. सरकारी वकील म्हणतात दोन्ही घरांनी बोलू नये.

तुझी,
नेल्डा


सिडर लँडिंग
१९ सप्टेंबर

नेल्डा,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून आठवडाभर गप्प बसले. माझ्यासाठी हे पुष्कळ झालं. माझाही वकील हेच म्हणतो, साक्षीदाराच्या घरी पत्रं धाडू नका. सरकारने दिलेला पोरगेला वकील आहे, बोलताना पेन चावतो. मी म्हटलं, साक्षीदार नाही रे बाबा, नणंद आहे ती माझी.

डोळ्याचं वाचून मला जेवण गेलं नाही. ते विचारायला हवं होतं आधी, ते चुकलं. त्याला आवडते ती खारवलेली बोय धुरी देऊन ठेवली आहे, डॉयल कढई घेऊन आला की त्याच्याबरोबर पाठवते.

आता ऐक. हे मी वकिलाला सांगितलं तेव्हा तो घाबरला आणि म्हणाला, पुन्हा कुणाला सांगू नका. गार्लंडला फोन केल्यावर मी टेबल पुसलं. ते पुडकं नळाखाली धरलं, सगळं वाहून गेलं, मग ओल्या फडक्याने ब्लीच टाकून टेबल पुसलं आणि मग रस्त्यावर पळाले. का पुसलं? तू विचारणार नाहीस, तुला कळेल. घरात माणूस येणार होता. आपल्या आयांनी आपल्याला तेच शिकवलं, दारात प्रेत असो, टेबल स्वच्छ पाहिजे. लेक निळी पडलेली आणि मी टेबल पुसते आहे. रोज आठवतं मला ते.

पण मग पावडर कुठे होती गं? हवेत कुठून आली? वकील म्हणतो, हे कोर्टात बोललात तर पुरावा नष्ट केला म्हणून तुम्हालाही आत घालतील. घालू दे. आत निदान तिच्याजवळ तरी असेन. तर तो म्हणतो, तसं नसतं बाई, तुरुंग वेगळे असतात.

कायद्यात म्हणे एक आडोसा आहे, मदतीसाठी जो फोन करतो त्याच्या बाजूने. पण समोरचे म्हणतात, फोन सरकारी नंबरावर कुठे आहे? भाच्याला केलेला फोन हा घरगुती फोन. मी म्हटलं, आमच्याकडे भाचा हाच सरकार.

टॅन्सीला विचारलं, तू शुद्धीवर आलीस तेव्हा काय पाहिलंस. भेट पडद्यावर होते, समोरासमोर नाही, तिचा आवाज ओठांच्या मागून येतो. ती म्हणते, मीच केलं, मॉम. त्याला मीच केलं. दुसरं बोलत नाही.

म्हणून तुला सरळ विचारते. डुक्कर कापायच्या दिवशी तुझा मुलगा कसा पडायचा ते मला आठवतं. डॉयलच्या तळव्यात कालवाचा सुरा घुसला तेव्हा गार्लंड टोपलीवर पडला होता. रक्त दिसलं, मेलेलं माणूस दिसलं की त्याचे डोळे फिरतात. गार्लंडला त्या दिवशी नुसती चक्कर आली होती का?

हो किंवा नाही, एवढंच लिही.

व्हर्डी


डोथन
२७ सप्टेंबर

वहिनी,

नाही.

माझ्या मुलाला भित्रा म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर येऊन म्हण. त्याच्या बापाने जन्मभर म्हटलं, 'कुमारी गार्लंड' म्हणून धक्क्यावर हाक मारली, सगळी होडी हसली. अग्निशमनदलात गेला त्या दिवसापासून कुणी हसलं नाही. आता तो गावी गेला की खानावळीत माणसं उठून उभी राहतात. डॉयल त्याच्यासाठी दार उघडतो. नोव्हेंबरात राज्याच्या अग्निशमनवाल्यांकडून त्याला मानाची पाटी मिळणार आहे. एक डोळा देऊन त्याने हे मिळवलं आहे. ते तुला काढून घेऊ देणार नाही मी.

बोय पाठवू नकोस.

नेल्डा


सिडर लँडिंग
२५ ऑक्टोबर

नेल्डा,

बोय पाठवली नाही. मांजरांनी खाल्ली. कढई डॉयल आणून ठेवून गेला, माझ्याशी बोलला नाही, पण आतून तेल लावून आणली होती. तुझा नवरा तोंडाने जेवढा वाईट तेवढा हाताने नाही.

भांडायला लिहीत नाही. तेवढा दम राहिला नाही.

टॅन्सी सात वर्षं कबूल करते आहे. समोरच्यांनी सांगितलं, गुन्हा मान्य कर, सात घे, नाहीतर खटल्यात पंधरा होतील. वकील पेन चावत म्हणाला, लढता येईल, रक्तात काही नाही, पण तुमची मुलगी लढायला तयार नाही आणि तो मुलगा साक्षीत ठाम आहे. मी पडद्यासमोर बसून तिला शिव्या दिल्या. चोवीस वर्षांची आहेस, बाहेर येशील तेव्हा मी जिवंत असेन का बघ, माझे गुडघे आत्ताच गेलेत. ती ऐकून घेते. मग विचारते, 'गार्लंड जेवतो का?'

दर वेळी. आधी हेच. मी काय सांगू? मला कुणी सांगतं का?

नशा उतरल्यावर तिचा चेहरा पुन्हा लहानपणीचा झाला आहे. ऑर्विलसारखी एक भुवई वर. चार वर्षांत मी ती भुवई पाहिली नव्हती, आणि आता दिसते आहे ती पडद्यावर.

माझी पत्रं तिला हातात देत नाहीत. कागद नशेच्या औषधात भिजवून आत पाठवतात म्हणे लोक, म्हणून यंत्राने फोटो काढतात आणि कागद फाडून टाकतात. तिला पडद्यावर चित्र दिसतं. मी विचारलं, वाचता येतं का गं माझं अक्षर? म्हणाली, 'अक्षर येतं, मॉम. घराचा वास येत नाही.'

तुझ्या मुलाला भित्रा मी म्हटलं नव्हतं. पडणारा म्हटलं. पडणारा माणूस माहीत असूनही निळ्या पडलेल्या पोरीकडे धावतो, त्याला भित्रा कोण म्हणेल? त्याने माझ्या लेकीला परत आणलं. हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. कढईत अडकले.

नोव्हेंबरच्या १७ तारखेला, सोमवारी, न्यायाधीशासमोर ती कबूल म्हणणार आहे.

व्हर्डी


डोथन
३ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र मी बाथरूमचं दार लावून वाचलं. गार्लंडने बाहेरून विचारलं, मामीचं का. मी म्हटलं, वीजबिल.

मी तुला 'नाही' लिहिलं ते खोटं होतं.

त्याने मला दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलं. डोक्याला पट्टी, आणि म्हणाला, 'मा, मला काही लागलं नव्हतं, मी नुसता पडलो.' बाहेर शेरीफचा माणूस, अग्निशमनची सगळी पोरं, डॉयल, सगळे टोप्या हातात घेऊन उभे होते. डॉयल रडत होता. मी त्या माणसाला लग्नात, बाळंतपणात, त्याच्या आईच्या मयतात कधी रडताना पाहिलं नाही. मी मुलाच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हटलं, तुझ्या डोक्याला मार आहे, तुला काय आठवतंय. मग मीच त्याला सांगत राहिले, सांगत राहिले, आणि शेवटी तो ते साक्षीत बोलला.

काय झालं ते ऐक, तुला माहीत असायला हवं. त्याने टॅन्सीच्या नाकात दलाने दिलेला फवारा मारला, छातीवर हात चोळत राहिला, नाव घेत राहिला. ती शुद्धीवर आली. डोळे उघडले, उलटी केली, उठून बसली. म्हणाली, 'गार्लंड, तुझ्या पायात चप्पल का नाही?' तेवढं ऐकलं आणि त्याचे पाय गेले. तोपर्यंत धरून होता. ती नीट झाली आणि मग पडला.

आणि वहिनी, पूर्ण शुद्ध जायच्या आधी त्याने पाहिलं, ती त्याच्या शेजारी येऊन आडवी झाली. डोळे मिटून.

तुला कळलं का? मला त्याने सांगितलं तेव्हा कळलं नाही. मग त्याने ऑर्विलच्या मयताची गोष्ट सांगितली. तुला वाटतं ना, त्या दिवशी टॅन्सी बापाचं तोंड बघून पडली? सगळं चर्च म्हणालं, बिचारी, बापाची लाडकी. ती पडली नव्हती. गार्लंड पडला होता, शवपेटीजवळ, फुलांत. पुरुष हसायला लागले होते, मयतातसुद्धा. दहा वर्षांची ती पोर, बाप समोर पेटीत, तिने आजूबाजूला पाहिलं आणि जाऊन त्याच्या शेजारी आडवी झाली. मग कुणी हसलं नाही. दोघांना उचलून बाहेर नेलं. डुक्कर कापायच्या दिवशी, धक्क्यावर, प्रत्येक वेळी तेच. तो पडला की ती शेजारी पडायची. त्याला म्हणायची, दोघं पडलो की खेळ वाटतो.

त्या दिवशीही शुद्ध नीट आलेली नसताना तिला तेवढंच सुचलं असेल. शेरीफचा माणूस आत आला तेव्हा दोघं शेजारी शेजारी. त्याला दुसरं काय वाटणार?

आता हे बाहेर आलं तर ते गार्लंडला खोट्या साक्षीसाठी धरतील. पाटी जाईल, ती जाऊ दे. पण डॉयल. आणि पुन्हा तो धक्का, ते हसणं, या वेळी एका डोळ्याने. तो रात्री दिवा लावून झोपतो. परवा म्हणाला, 'ती आत माझ्या शेजारीच पडली आहे, मा.'

मला काही करायला सांगू नकोस. माझ्यात तेवढं नाही. तुला कळावं म्हणून लिहिलं. हे पत्र जाळ.

नेल्डा


सिडर लँडिंग
८ नोव्हेंबर

नेल्डे,

जाळलं नाही. वकिलालाही दाखवलं नाही. पिठाच्या डब्यात आहे. तुझ्याविरुद्ध ते वापरायचं असतं तर आतापर्यंत वापरलं असतं, एवढं तू मला ओळखतेस. ते माझ्या हातून नको. त्याच्या तोंडून हवं.

मी काल शेडमध्ये जाऊन कढईजवळ बसले. चौदा वर्षं मी लोकांना सांगत आले, माझी लेक बापाच्या पेटीजवळ कोसळली. त्या दिवशी मला रडू येत नव्हतं, आणि ती पडली म्हणून मला रडू फुटलं, हेही सांगत आले. आणि ती तर डोळे मिटून पडून होती, तुझ्या मुलावर कुणी हसू नये म्हणून. बापासाठी तिला रडायला कधी मिळालं गं? मी विचारलंच नाही.

पुढचं ऐक, आणि रडत असशील तर डोळे पूस, अक्षर आधीच वाईट आहे.

गार्लंडला सांग, वकील म्हणतो, कबुलीच्या आधी साक्ष बदलली तर मार्ग निघतो. मी नाव न घेता विचारलं, जखमी माणसाला नंतर नीट आठवलं तर? तो पहिल्यांदा पेन तोंडातून काढून म्हणाला, त्याला स्वतःचा वकील द्या, आणि लवकर. डोक्याला मार होता, टाके आहेत, आईने भलतंच मनात भरवलं, हे खरंच आहे की. आईने भरवलं हे तू उभं राहून सांग. मी टेबलाचं सांगते. दोघींना धरलं तर एका गाडीतून नेतील, तेवढं मागून घेऊ.

डॉयलचं माझ्यावर सोड. कढई द्यायला आला होता तो, त्याच्या डोळ्यात बघितलं मी. त्याला मुलगा हवा आहे, पाटी नको. हे त्याला माहीत नसेल, मी सांगेन, आणि तो ऐकेल, कारण त्याच्या आईचं शेवटचं अंथरूण मी बदललं आहे.

आणि गार्लंडला हे माझ्या शब्दांत सांग. मामी म्हणते, तू कोर्टात उभा राहिलास आणि पडलास, तर पड. लोक हसतील, हसू दे. मी पहिल्या बाकावर असेन. मी येऊन तुझ्या शेजारी आडवी होईन, रविवारच्या कपड्यांत, सगळ्या गावादेखत. माझ्या गुडघ्यांनी मला पुन्हा उठता येणार नाही. मला उठवायला तुझी आई लागेल. मग तीही आली तर बरं.

टॅन्सीचा वाटा झाला. तिने पुष्कळदा केलं. सात वर्षं कुणी कुणाच्या शेजारी पडून राहत नाही, तिला आता उठवायला हवं, आणि ते त्याच्याशिवाय कुणाला जमणार नाही. एकदा त्यानेच उठवली आहे.

कोर्ट सोमवारी १७ तारखेला. वकिलाला त्याआधी हातात काही हवं. त्यामुळे शुक्रवार, १४ तारीख, संध्याकाळी दिवे लागायच्या आत. पत्राला वेळ नाही, फोन कर. घंटा वाजली की मी उचलेन, तुझ्यासारखी नाही मी. तू बोलू नकोस हवं तर. गार्लंडच्या हातात दे आणि तो साक्ष बदलायला हो म्हणतो की नाही, ते मला शुक्रवारी कळू दे.

व्हर्डी